काउंटरच्या अलीकडची माणसे

ट्रेलवरची माणसे मोजणे हे आमच्या खात्यात हलके काम समजले जाते, आणि तसे समजणाऱ्यांपैकी एकानेही ते कधी केलेले नसते. हा ट्रेल म्हणजे एका छोट्या गावाच्या कडेने, नदीकाठाने जाणारा मार्ग. पादचारी, सायकलस्वार, चाकखुर्चीवाले आणि घोडेस्वार या सर्वांनी मिळून वापरायचा. देखभालीचा निधी चालू ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी माझ्याकडे एकच आकडा मागितला होता: पर्यटक किती येतात?

तिथे येणारे-जाणारे मोजणारा इन्फ्रारेड काउंटर आधीपासूनच बसवलेला होता. हे यंत्र शरीराची उष्णता आणि मागच्या दृश्याची उष्णता यांतला फरक ओळखते. त्यामुळे खांद्याला खांदा लावून चालणारी दोन माणसे त्याला एकच वाटतात, घोडा आणि स्वार मिळून एकच नोंद होते, आणि भर उन्हात परिसर शरीराइतका तापला की काही माणसे त्याच्या लेखी नसतातच. समोर बाक असेल, तर तिथे घुटमळणारा एकच माणूस अनेकदा मोजला जातो. म्हणून अधूनमधून कोणीतरी दिवसभर बसून हाताने मोजायचे आणि दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तराने एकूण बेरीज दुरुस्त करायची असते. बहुतेक ठिकाणी हे होत नाही आणि यंत्राचा कच्चा आकडाच बैठकीत पक्का म्हणून वाचला जातो.

त्या दिवशी मी उजाडायच्या आधी जाऊन बसलो. पहिल्या दोन तासांत एकही पर्यटक आला नाही. आली ती गावातलीच माणसे. कामावर सायकलने जाणारे, शाळेची मुले, आणि मार्गभर पसरून गप्पा मारत चालणाऱ्या पाच स्त्रिया, ज्यांच्या नावे यंत्राने दोन नोंदी केल्या. माझ्या तक्त्यात 'पर्यटक' आणि 'इतर' असे दोनच रकाने होते. ऋतू कोणताही असो, या मार्गावर राबता ठेवणारी आणि पडलेले झाड सर्वांत आधी कळवणारी ही माणसे 'इतर' होती.

पर्यटक दहानंतर आले, सामानाने लादलेल्या सायकलींवरून. गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर ते थांबत, फोन पाहत आणि सरळ निघून जात. त्यांपैकी एका जोडप्याने मला पंक्चर काढणारा जवळपास कोणी आहे का, असे विचारले. बाजारपेठ झाडांच्या पलीकडेच होती, पण फाट्यावर तसे सांगणारी एक पाटीही नव्हती. आमच्या बैठकांत न्यूझीलंडमधल्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलचे उदाहरण हमखास निघते. 1990 मध्ये बंद पडलेल्या लोहमार्गावर 2000 मध्ये पूर्ण झालेला हा सुमारे 150 किलोमीटरचा मार्ग, आणि त्याच्यामुळे वाटेवरच्या लहान वस्त्यांना मिळालेला मुक्कामाचा, जेवणाचा आणि सायकलींचा धंदा. तो लोहमार्ग मुळातच स्थानकांना, म्हणजे वस्त्यांना जोडत गेलेला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्याने तिथली चढणही सौम्य आहे. आमच्या आखणीकाराने नदीचे दृश्य पाहून सुंदर रेषा काढली आणि गाव कडेला ठेवले.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ चाकखुर्चीवरून आले. प्रवेशाशी मोटरसायकली अडवण्यासाठी खांब रोवलेले होते. गृहस्थांनी एकदा तिरपे, एकदा उलटे होऊन पाहिले आणि ते परत फिरले. मी धावत जाऊन विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी रोज इथपर्यंतच येतो." मी टेप लावला. दोन खांबांत किमान दीड मीटर अंतर हवे. तिथे त्याच्या निम्मेही नव्हते. मोटरसायकली तर बाजूच्या गवतातून जातच होत्या, त्यांची चाकोरी स्पष्ट उमटलेली होती. काउंटर खांबांच्या पलीकडे होता, म्हणजे गृहस्थांचा रोजचा फेरा एकदाही नोंदला गेलेला नव्हता. अशा मार्गावर चाकखुर्चीवाले येतच नाहीत, असे विधान मीच आधीच्या अहवालात त्या यंत्राच्या भरवशावर केले होते.

या वेळी दुरुस्त बेरीज पहिल्या पानावर दिली, कारण तेवढेच वाचले जाते. खांब, फाटा आणि 'इतर' यांवरची टिपणे परिशिष्टात गेली. बैठकीत पर्यटकांच्या आकड्यावर समाधान व्यक्त झाले आणि निधी मंजूर झाला. मंजूर कामांच्या यादीत दुसरा काउंटर आहे, पाटी नाही. खांबांविषयी मी स्वतंत्र पत्र दिले आहे, आणि त्यासोबत टेप लावलेले छायाचित्र जोडले आहे.