मागांच्या खडखडाटात कादंबरी

येळ्ळूर, कडोली, उचगाव. आपल्या बेळगाव भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, आणि मांडवात कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, एवढं मोठं कुठं बसून लिहिता ओ?" विचारणारा शेतकरी असतो, नाहीतर दहावीतली पोरगी. तिथं घाईत दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी शहापुरात राहते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा विणकरांचा पट्टा. सकाळी माग सुरू झाले की मी वही उघडते. पाहुण्यांना त्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, पण मला त्यातच ठेका सापडतो. वर्णनं, घटना, माणसांचं येणंजाणं, म्हणजे कादंबरीचा सगळा निवेदनाचा भाग मी माग चालू असतानाच लिहिते. मध्येच एखादा माग थांबतो. धोट्यातली सुताची कांडी संपलेली असते किंवा धागा तुटलेला असतो. विणकर दोन बोटांत टोकं धरून गाठ मारतो, इतक्या चटकन की बघणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही, आणि माग परत चालू. पण लाईट गेली की सगळे माग एकदम गप्प होतात आणि गल्ली बोलायला लागते. दारात कांड्या भरणाऱ्या बायका, उधारीवरून वाद घालणारा दुकानदार, शाळेतून आलेली पोरं. संवाद मी तेव्हा लिहिते. पावसाळ्यात लाईट फार वेळा जाते, त्यामुळे माझ्या कादंबऱ्यांतले बरेचसे संवाद आषाढ-श्रावणातले आहेत.

दुसरी जागा म्हणजे बस. माझी नोकरी जांबोटीच्या बाजूला प्राथमिक शाळेत झाली. निवृत्त झाले, तरी एखादं प्रकरण अडलं की बेळगावच्या स्टँडवर जाऊन कणकुंबीची बस धरते. पिरनवाडी, किणये मागं पडलं की झाडी दाटत जाते. कंडक्टर कानडीत ओरडतो, "मुंद होगरी, मुंद!" आणि सगळी बस मराठीत बडबडत पुढं सरकते. शेजारी टोपलीवाली येते. "जरा सरा की बाई, हितं टोपली ठेवतो." तिकिटाच्या पैशांपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं ती मला जांबोटी यायच्या आत सांगून टाकते. बसमध्ये मी छोट्या वहीत फक्त माणसांची वाक्यं टिपते. झाडी नाही, डोंगर नाही, मनात आलेले विचार तर मुळीच नाहीत. ते घरी आठवतं. बोललेलं वाक्य मात्र त्याच संध्याकाळी मोठ्या वहीत उतरवलं नाही तर त्याचा हेल निघून जातो, उरतो तो नुसता अर्थ. कणकुंबीला उतरून माउलीच्या देवळात थोडा वेळ बसते. मलप्रभा तिथंच उगम पावते. परतीच्या बसपर्यंत अडलेलं प्रकरण बहुतेक वेळा सुटलेलं असतं.

दुपारी बेळगावचं सार्वजनिक वाचनालय. १८४८ साली सुरू झालेली ही संस्था आहे, आणि या गावाने ती टिकवली याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तिथं मी लिहीत नाही, ऐकते. सध्याच्या कादंबरीतलं कुटुंब शहापूरचं आहे. १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर पटवर्धन संस्थानिकांकडे होतं आणि लगतचं बेळगाव १९४७ पर्यंत इंग्रजांकडे. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि दहाच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ ला, हा भाग म्हैसूर राज्यात गेला. या तारखा पुस्तकात मिळतात. त्या दिवशी घरात काय शिजलं, कोण कुणावर खेकसलं, हे पेपर वाचायला येणारे आजोबा सांगतात. तेव्हा ते लहान पोरं होते. असे सांगणारे आता कमी होत चाललेत, म्हणून सध्या तरी दुपार चुकवत नाही.

वही लांब, आखीव. उजव्या पानावर शाईच्या पेनाने मजकूर, डावं पान दुरुस्तीला कोरं. प्रकरण पुरं झालं की स्वयंपाकघरात जाऊन धाकट्या जावेला मोठ्याने वाचून दाखवायचं. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं आणि कान अतिशय तयार. मागच्या महिन्यात एक प्रसंग वाचला. नवरा सीमा सत्याग्रहात तुरुंगात गेलाय आणि बायको सासूपाशी मन मोकळं करतेय. जाऊ म्हणाली, "अक्का, नवरा जेलात आणि ही एवढं बोलत बसतीया व्हय? ती गप भांडी घासत बसंल की." दीड पान संवाद काढून टाकला. आता त्या प्रसंगात सासू एकटीच बोलते आणि सून भांडी घासते. कादंबरीतला तो मला सगळ्यात आवडता प्रसंग झालाय.

छापायच्या वेळीही हीच रीत. मागच्या कादंबरीत एका मुद्रितशोधकाने आमच्या बायकांची बोली सरसकट शुद्ध करून टाकली होती. पानोपानी सगळं पूर्ववत करताना मला रडू आलं होतं. आता प्रुफं आली की मी आणि जाऊ ती ओळ न् ओळ मोठ्याने वाचतो, आणि तिला पटल्यावरच ती पुण्याला परत पाठवतो.