लिनक्स मिंट बसवण्याआधी विंडोजमध्ये उरकायची कामं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले. सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप ठणठणीत चालत असला तरी विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. असं मशीन भंगारात देऊ नका. त्यावर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवता येते. चार जीबी रॅम असेल तर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आठ असेल तर सिनॅमन. विंडोजची सवय असलेल्याला सिनॅमन लगेच हाताशी बसतो: स्टार्ट मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन फार वेळ खात नाही. अडतं ते आधीच्या तयारीत, आणि ती तयारी जवळजवळ सगळी विंडोजमध्येच करायची असते.

पहिलं काम डेटाचा बॅकअप, तोही बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्याच डिस्कच्या 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत बॅकअप नव्हे.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, पाहा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप सुरू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. पुढे बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज नेमकी तीच मागतं. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनशेजारी (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) मिंटचा इन्स्टॉलर नीट काम करत नाही.

विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही बंद करायचं: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज खरं बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन 'वापरात' राहतं आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. 'फाइल्स दिसतात पण सेव्ह होत नाहीत' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'सी'वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ६० जीबीसाठी ६१४४०. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड'च (कुणालाही न दिलेली) ठेवा, नवा ड्राइव्ह बनवू नका. शंभर जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज पाचच जीबी सोडायला तयार असेल, तर मधे पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर विंडोज वापरतं ती फाइल) किंवा हायबरनेशनची फाइल आडवी आलेली असते. दोन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा.

मिंटच्या साइटवरून उतरवायची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची पूर्ण प्रत) साधारण तीन जीबीची असते, म्हणून आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून शा-२५६ (फाइल पूर्ण आणि खरी आहे का ते पडताळायचा आकडा) काढा आणि मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते. मग एचर या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहा. लिहून झाल्यावर विंडोज 'फॉरमॅट करू का' विचारेल, तिथे कॅन्सल.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला लागणाऱ्या बूट मेनूसाठी एचपीवर एफ९, डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालतं, तेव्हा वायफाय, आवाज, टचपॅड तिथेच तपासून घ्या. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ते बंद दिसण्याची शक्यता मोठी. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरा (टेदरिंग) आणि बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इन्स्टॉलरला डिस्कच न दिसल्याने. बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायॉसमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' मोडवर असतं, आणि मिंटला 'एएचसीआय' हा साधा मोड लागतो. तो थेट बदलला की विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. म्हणून आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर खूण करा. रीस्टार्ट करून बायॉसमध्ये एएचसीआय निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडून योग्य ड्रायव्हर लावून घेतं. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. क्रम चुकवू नका.

इन्स्टॉलरमध्ये 'अलाँगसाइड विंडोज' निवडा. 'इरेझ डिस्क' म्हणजे विंडोज, फोटो, हिशेब, सगळं साफ. 'समथिंग एल्स'मधून हाताने करत असाल तर मोकळ्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सच्या फाइल-रचनेचं) पार्टिशन करून माउंट पॉइंट '/' द्या. आधीचं ईएफआय पार्टिशन आहे तसं वापरा, फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा भाग, त्यातच असतो.

सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी बायॉसची सोय) चालू असताना मल्टिमीडिया कोडेक्सवर (व्हिडिओ-गाणी चालवणाऱ्या भागांवर) खूण केली तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठेवायला सांगतो. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे लगेच कुठलीही कळ दाबा, 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस' असं जाऊन तो पासवर्ड द्या. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर संधी जाते, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर का चालत नाही हे नंतर शोधत बसावं लागतं.

रीस्टार्टनंतर थेट विंडोजच उघडलं तर बायॉसच्या बूट यादीत मिंट शोधू नका. तिथे त्याचं नाव 'उबंटू' असतं, कारण मिंट उबंटू या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे. ते वर आणा. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तरी घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ धरतं.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउट्समध्ये 'मराठी' शोधा. इन्स्क्रिप्टवाल्यांना सवयीच्या जागी अक्षरं मिळतात. युनिकोडमधला मजकूर जसाच्या तसा उघडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइल्स मात्र लिबरऑफिसमध्ये निरर्थक चिन्हं होऊन दिसतात. अशा फाइल्स किंवा टॅलीचा हिशेब रोज लागत असेल, तर विंडोजचं पार्टिशन सध्या राहू द्या.