हाताला अजून शेणाचा वास आहे

दोनदा साबण लावला, तरी वास जात नाही. आणि मला तो आवडतोय.

आज कॉलेजच्या प्रात्यक्षिकात आरेतल्या एका पाड्यावर जीवामृत, म्हणजे मातीतले जिवाणू वाढवणारं आंबवलेलं पातळ खत, केलं. 200 लिटर पाण्याच्या पिंपात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2-2 किलो गूळ आणि बेसन, वर बांधावरची मूठभर माती. हे प्रमाण वर्गात पाठ केलं होतं. पण गूळ-बेसन म्हणजे जिवाणूंचं जेवण, हे काठीने ढवळताना उमगलं.

पाड्यावरच्या मावशींनी वाफ्यातली माती माझ्या ओंजळीत ठेवली. भुसभुशीत, आत दोन गांडुळं. "आधी हिला जगव," म्हणाल्या. किती वेळ तशीच उभी होते!

पिंप सावलीत गोणपाटाखाली आंबतंय. परवा पहाटेची लोकल पकडून वाफ्यांना घालायला जाणार.