बोअरचे इंच आणि मुरमातलं पाणी

राजापूरकडच्या वाड्यांत रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा रोध मोजून पाण्याचा अंदाज घेण्याचं मशीन घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, किती इंच लागेल?" इंच म्हणजे पाणी येण्याचा वेग. मे महिन्यात तहान भागते ती साठ्यावर, आणि साठा कुणी विचारत नाही.

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर जांभा, त्याखाली चिकणमाती, मग कुजलेल्या काळ्या दगडाचा मुरूम आणि तळाला अखंड कातळ. कातळातल्या भेगा पाणी वाहून आणतात. साठतं ते बहुतेक वरच्या मुरमात. भूजल मोजणीच्या सरकारी निकषांत कुजलेल्या, सांधे पडलेल्या बेसॉल्टसाठी २ टक्के धरतात, जांभ्यासाठी अडीच. म्हणजे शंभर घनमीटर मुरूम निथळला तर हाती येतं दोन घनमीटर पाणी. खोल बोअरला भेग लागली की ती भेग त्याच मुरमातून ओढते, ज्यावर शेजारची विहीर जगते. वाडीला नवं पाणी मिळालेलं नसतं.

मशीनचं काम तसं सोपं. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची, मधल्या दोन सळ्यांवर विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या सळ्या लांब नेत गेलं की वीज खोल जाते. उन्हाळ्यात सड्यावर सळी आत जाता जात नाही, मिठाचं पाणी ओतत बसावं लागतं. अखंड कातळ शेकडो ओहम-मीटर दाखवतो, ओला मुरूम साधारण २० ते ५०. पण ओली चिकणमातीही कमीच दाखवते, आणि खाडीकाठी खारं पाणी त्याहून कमी. आर्चीचं १९४२ चं सूत्र रोध आणि सच्छिद्रता यांचं नातं सांगतं, ते स्वच्छ वाळूसाठी. आमच्या चिकट मातीला ते जसंच्या तसं लावून साठ्याचा आकडा काढलेले अहवाल वाचले की जीव तुटतो, कारण त्या आकड्यावर गावाचा पैसा लागतो.

माझा भरवसा सळ्यांची एकच ओळ त्याच जागी दोनदा मोजण्यावर आहे, ऑक्टोबरात आणि मे अखेरीस. चिकणमाती आणि कातळ तिथेच असतात, फरक पडतो तो मुख्यतः पाण्याने. त्याच दिवशी विहिरीची पातळी मोजायची, आणि पाण्याची विद्युतवाहकताही, कारण उन्हाळ्यात क्षार वाढले तरी आकडा हलतो. मग विहीर उपसून ती परत किती वेळात भरते ते लिहून ठेवायचं.

आता हिशेब करा. समजा विहिरीला चार हेक्टर उताराचं पाणी मिळतं आणि ऑक्टोबर ते मे पातळी पाच मीटर उतरते. २ टक्के धरले तर ४० लाख लिटर. साठ घरं, तीनशे माणसं, जलजीवन मिशनचे माणशी रोज ५५ लिटर, आठ महिने: जवळपास तेवढेच ४० लाख. यात पऱ्यातून वाहून जाणारं पाणी नाही, कलमांना घातलेलं नाही. आणि मुरूम १ टक्क्याचा निघाला, तर साठा थेट २० लाखांवर. १ की २, हे न मोजता दुसरी बोअर मारायला माझा विरोध आहे, आणि तो मी ग्रामसभेतही मांडणार आहे.

या मे अखेरीस, पहिल्या सरीच्या आत, सड्यावरची ओळ पुन्हा मोजायची आहे. त्या उतारावर ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पंप बंद ठेवा, म्हणजे खरी पातळी मिळेल.