चावी सुटली, दाब सुटला नव्हता

पाइपलाइन आतून साफ करत आलेला पिग (पाइपात घट्ट बसणारा बोळा) रिसीव्हरचं, म्हणजे तो येऊन थांबतो त्या बॅरलचं, दार उघडून बाहेर काढायचा, हे आमच्या गॅस स्टेशनवरचं नेहमीचं काम. त्या दिवसाचा विचार मात्र अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या रिसीव्हरला इंटरलॉकची कुलपं आहेत. कंट्रोल रूममधून एकच चावी मिळते. ती लावली की मेन लाइनकडचा व्हॉल्व्ह फिरतो, आणि तो शेवटच्या आट्यापर्यंत बंद झाला तरच दुसरी चावी सुटते. ती किकरच्या, म्हणजे बॅरलच्या बाजूच्या लाइनच्या, व्हॉल्व्हला, तिथली व्हेंटला, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडायच्या पाइपच्या व्हॉल्व्हला. व्हेंट पूर्ण उघडल्यावर जी हातात येते ती दाराची. क्रम चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. ट्रेनिंगला पायपर अल्फा या उत्तर समुद्रातल्या तेल-गॅस प्लॅटफॉर्मचा स्फोट शिकवतात: पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, पण त्या कामाचा परवाना रात्रपाळीच्या नजरेला पडलाच नाही. 6 जुलै 1988, 167 माणसं गेली. कागद नजरेआड होतो, चावी होत नाही, म्हणून मला या कुलपांचा अभिमान आहे.

त्या दिवशीही चाव्या लोण्यासारख्या फिरल्या. गेज शून्यावर. 'व्हेंट पूर्ण, दाब शून्य' असं लिहून मी सही केली. शिफ्टचे साहेब म्हणाले, "चावी सुटली म्हणजे दाब नाही. उघडा."

आमचे मिस्त्री दाराच्या बाजूला उभे राहिले, समोर कधीच नाही. दाराआधी एक छोटा बोल्ट ढिला करावा लागतो. त्यांनी तो जेमतेम अर्धा आटा फिरवला आणि बारीक सूंऽऽ आवाज आला. "साहेब, थांबा. आत माल आहे." बोल्ट लगेच परत आवळला.

बॅरलच्या ड्रेनवर (निचऱ्याच्या पाइपवर) गेज लावला: चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो. दार 24 इंची. एका किलोला त्यावर जवळजवळ 3 टन जोर येतो, म्हणजे त्या क्षणी 13 टन.

ड्रेनमधून हळूहळू दाब उतरवायला पाऊण तास गेला. दार उघडल्यावर दिसलं की लाइनमधली काळी भुकटी व्हेंटच्या तोंडात ठासून बसली होती. (तिच्यात लोहाचं सल्फाइड असतं, कोरडी झाली तर हवेत पेट घेते. आधी पाणी मारायचं.) गेजही त्याच व्हेंटच्या पाइपवर, बुचाच्या पलीकडे. त्याने दुसरं काय दाखवावं? बॅरलला गेजसाठी स्वतंत्र तोंड न देणाऱ्या डिझाइनवाल्यांचा मला राग आहे. दार उघडायला ते येत नाहीत.

कुलपाने त्याचं काम चोख केलं. व्हॉल्व्हचा दांडा कुठे आहे एवढंच त्याला कळतं, आत काय आहे ते नाही. पण कुलूप नसतं तर आम्ही सगळेच जास्त घाबरून वागलो असतो का? याचं उत्तर मला सापडत नाही. एरवी व्हेंट दहा मिनिटं गर्जतो. त्या दिवशी मिनिटभरात गप्प झाला होता. मी ते ऐकलं होतं.

लॉगबुकातली ती ओळ तशीच आहे. तिच्याखाली मी आता दर वेळी लिहितो, व्हेंट किती मिनिटं वाजला.