अंगठा घेत नाही माय
आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांची, आणि मी बरेचदा तिथे नसतो कारण माझ्या सेवा केंद्रातलं सर्व्हर दिवसभर झोपलेलं असतं आणि सुरू होतं ते नेमकं प्रार्थनेच्या टायमाला. परवा एका काकांनी अडवलंच, "काऊन रे बाबू, पैशापायी देवाले इसरला का?" हसून सोडलं, पण डोक्यात फिरत राहिलं.

हे केंद्र आहे वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. सातबारा, पीक विमा, अंगठा लावून पैसे काढणं, पीएम किसानची केवायसी (वर्षाचे 6000, तेही 2000-2000 करून, पण त्यासाठी येरझारा किती ते विचारू नका). कापूस वेचणीचा सीझन आला की मशीन अंगठे घेत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचून टोचून बोटं घासून जातात, एक आजी म्हणे, "रेघा पराटीनं खाल्ल्या रे बाबू, आता कोठून आणू?" मग साबणाने हात धुवायला लावायचे, कोरडे करायचे, जरासं व्हॅसलिन, हे बोट नाही तर ते बोट, नाहीच झालं तर चेहऱ्याने केवायसी, त्यात पापणी मिचकवा म्हणते अ‍ॅप आणि आजी फोटो काढतो म्हणून एकटक बघत बसते, मागे लाइन ओरडते ते वेगळंच.

आता खरं सांगू का, माळ घेऊन बसलो की माझं मन लाइट बिलापासून सोयाबीनच्या भावापर्यंत फिरून येतं. आजीचं बोट धरून मशीनवर टेकवताना कुठंच जात नाही. किती दाबायचं, कधी सोडायचं, तेवढंच असते त्या टायमाला. याला साधना म्हणायचं का ते जाणकार ठरवतील, मला दुसरी जमत नाही.

पण ते "काम हीच पूजा" वालं पोस्टर मला अजिबात आवडत नाही. जिथे जिथे लावलेलं बघितलं तिथे पगार उशिराच होतो. आमचंही कमिशन अडकतं, कोणाकडे ते राहू द्या.

पवनार इथून जवळच. 1938 मध्ये तब्येत खालावली म्हणून विनोबा तिथे राहायला आले आणि जमीन खणायला लागले, त्या खोदकामात भरत-राम भेटीचं शिल्प निघालं, आजही आश्रमात आहे. लोक हेच सांगतात, चमत्कारासारखं. मला मात्र त्याआधीची गोष्ट जास्त भावते. 1935 च्या सुमारास नालवाडीला असताना त्यांनी सूत कातून फक्त त्याच मजुरीवर जगून बघितलं होतं. एवढा गीता जगणारा माणूस, पण कताईच्या मजुरीत पोट भरतं का हे स्वतः तपासत बसला, मजुरी सोडून नुसती पूजा करा असं नाही म्हणाला. हे जमलं पाहिजे, बोटाकडेही लक्ष आणि हिशोबाकडेही. म्हणून मी फी घेतो, पावती देतो, आणि अंगठा लागला नाही तर त्या चकरेचे पैसे घेत नाही.

काकांना यातलं काहीच बोललो नाही. त्यांचीच केवायसी बाकी आहे, मोबाईल आधारला लिंक नाही, तेवढं सांगितलं, तर म्हणे उद्या येतो, प्रार्थनेच्या आधी कर.