दहा गायी नकोत, टेम्पो द्या

२०१८च्या चतुर्थीनंतरचे दिवस. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका बँकशाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. बॅगेत कायम दोन याद्या असायच्या. एक थकलेल्या ट्रककर्जांची, दुसरी दुग्धव्यवसायाचं कर्ज घेऊ शकतील अशा कुटुंबांची. दोन्ही याद्यांत बरीचशी घरं तीच. ज्या ओसरीवर वसुलीचं बोलायचं, तिथेच चहा घेऊन नव्या कर्जाचा आग्रह करायचा. नवं कर्ज अर्थात बायकोच्या नाहीतर भावाच्या नावावर. थकबाकीदाराला पुन्हा कर्ज द्यायचं नाही, एवढा नियम आम्हीही पाळत होतो.

गोवा म्हणजे समुद्रकिनारा असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हे आतले तालुके लोहखनिजावर जगले. इथलं खनिज कमी प्रतीचं, देशातल्या पोलाद कारखान्यांना फारसं नको असलेलं. चीनने ते मागायला सुरुवात केली आणि गावं बदलली. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज जहाजांत चढलं. ते खाणीतून जेटीवर न्यायचं तर ट्रक हवा, जेटीवरून पुढे मांडवी-जुवारी नद्यांतून बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट. ट्रकमालक कोण, तर गावातलाच माणूस. बापाने भातशेती केली, मुलाने टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, घेतला. दिवसाला जितक्या ट्रिपा तितके पैसे, वजनकाट्याची पावती हाच पगार. बँकांना असा ग्राहक कुठे मिळतो? हप्ता महिन्याच्या महिन्याला यायचा, म्हणून आमच्यासारख्या बँका दुसऱ्या, तिसऱ्या ट्रकलाही कर्ज देत गेल्या.

सप्टेंबर २०१२मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आल्यावर राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने ती उठवली. पुढे काम हळूहळू सुरू झालं, लोकांनी ट्रक पुन्हा रंगवून घेतले. तेवढ्यात ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ लीजचं, म्हणजे खाणपट्ट्यांच्या करारांचं, नूतनीकरणच रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. माझ्या मते पहिल्या बंदीपेक्षा ही दुसरी जास्त वाईट. पहिल्या वेळी लोकांकडे थोडी शिल्लक होती, दागिने होते. दुसऱ्या वेळी फक्त ‘परत सुरू होईल’ हा भरवसा होता, आणि त्या भरवशावर काढलेलं कर्ज.

त्या दिवशी पहिल्या घरी कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, ट्रक कर्नाटकात गेला, मालक वेर्ण्याला सिक्युरिटीत लागला. आमच्या तारणाचा ट्रक असा राज्याबाहेर गेला म्हणजे पुढे पत्रं, नोटिसा आणि आणखी पत्रं. तशी नोंद केली आणि पुढे निघालो.

दुसरं घर डंपच्या पायथ्याशी. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा तांबडा डोंगर मागे, आणि त्याच्या पायाशी एके काळची भातशेती. दर पावसाळ्यात डोंगरावरून गाळ उतरतो. वरून हिरवं गवत दिसतं, पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत तांबडा चिखल. अंगणात टिपर लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून. बॅटरी काढून घरात ठेवलेली. मालक चाळिशीतला माणूस. आठवड्यातून एकदा बॅटरी जोडून इंजिन चालू करतो म्हणाला. ‘‘परत सुरू करायचं बोलणं चाललंय, साहेब. सुरू झालं तर त्याच दिवशी गाडी रस्त्यावर पाहिजे.’’

मी थकबाकीचा आकडा सांगितला. तो खाली बघत राहिला. मग मी बॅगेतून दुसरी यादी काढली.

सरकारच्या कामधेनू योजनेत गायींवर अनुदान होतं, दूध संस्थेत घातलं की दराच्या वर सरकारचा आधारही होता, आणि आमच्या वरिष्ठ कार्यालयाने शाखेला दहा-दहा गायींच्या प्रकल्पांचं टार्गेट दिलं होतं. प्रकल्प अहवाल छापील, फक्त नाव भरायचं. गाय दिवसाला बारा लिटर देणार, हे त्यात आधीच लिहिलेलं.

‘‘वहिनी, तुमच्या नावावर करू,’’ मी म्हणालो. घरामागे त्यांच्या दोन संकरित गायी होत्याच, त्यामुळे इथे सही सहज होईल असा माझा अंदाज होता.

त्या आतून कालनिर्णय घेऊन आल्या. रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात सकाळचं आणि संध्याकाळचं दूध लिहिलेलं. ‘‘बारा कुठे दिसतात बघा. ही सगळ्यात चांगली, ती साडेआठ देते. मेमध्ये उकाड्याने सहावर आली. घाटावरची गाय इथल्या दमट हवेत धापा टाकते, गोचिडं वेगळीच. आणि दहा गायी खाणार काय? तो गाळ?’’

मी पशुखाद्याचं बोललो. खाद्य गोणीत मिळतं, वैरण कुठून आणू, असं त्यांनी विचारलं. हिरवा चारा लावावा तर शेत गाळाखाली. वरच्या झऱ्याचं पाणी, खाण खोल गेली तेव्हाच आटलेलं. तेव्हा कंपनी टँकर पाठवायची, खाण बंद झाली तसा टँकरही बंद. खाणीच्या पिटात, म्हणजे खड्ड्यात, पाणी डोळ्यांसमोर तळ्यासारखं साचलंय, पण जागा लीजची, पंप लावायची परवानगी कोण देणार? पेंढा बेळगावकडून येतो. एक व्यापारी आठवड्यातून एकदा येतो आणि तो सांगेल तो भाव.

मग त्यांनी कॅलेंडरचं शेवटचं पान उलटलं. वाड्यावरच्या आणि शेजारच्या दोन वाड्यांच्या घरांची यादी होती. कोणाकडे किती गायी आल्या, कोणाला आठवड्याला किती पेंढ्या लागतात, कोण रोख देईल, कोण दुधाच्या बिलावर. आमच्यासारख्या बँकांनीच गावोगाव गायी वाटल्या होत्या, पण त्यांच्या वैरणीचा हिशोब माझ्या पाहण्यात तरी पहिल्यांदाच कोणी मांडला होता.

‘‘गायी आता सगळ्यांकडे आहेत, साहेब. मला एक पिकअप टेम्पो द्या. पेंढा आम्ही आणतो.’’

मी टिपरकडे बोट दाखवलं. अंगणात एवढी गाडी उभी असताना दुसरी कशाला?

यावर तिचा नवरा पहिल्यांदा हसला. खनिज जड असतं, म्हणून टिपरचा हौदा लहान. वजन दहा टन झालं तरी हौदा भरलेला दिसत नाही. पेंढ्याचं उलट. त्या हौद्यात पेंढा घालून बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढला-उतरला तर डिझेलचेसुद्धा पैसे निघायचे नाहीत. आणि मग तो बोलतच राहिला. केरीच्या बाजूने घाट चढताना कुठल्या वळणावर गिअर उतरवायचा, पावसात धुकं कुठे उतरतं, पेंढा किती उंच रचला तर झाडाच्या फांद्या लागतात, दोरी कशी आवळली तर उतारावर माल पुढे सरकत नाही, परतताना रिकामी गाडी आणायची नाही तर इथून बेळगावला काय नेता येईल. नारळ न्यावेत असं त्याचं मत, बायकोचं म्हणणं की नारळात पैसे अडकतात. अर्धा तास माझ्यासमोर मान खाली घालून बसलेला हाच माणूस का, असं मला वाटलं. त्याला आम्ही गवळी करायला निघालो होतो. त्याला येत होती ती वाहतूक, आणि ती खाणीबरोबर संपलेली नव्हती.

सरकारी कागदांत याला पर्यायी उपजीविका म्हणतात. त्या शब्दांवर माझा राग नाही, पण पर्याय ठरवतो कोण? एका गावातला प्रत्येक जण ट्रकवाला होता म्हणून गाव बुडालं. उपाय म्हणून आता प्रत्येकाला गायवाला करायचं, यात मला काही शहाणपण दिसत नव्हतं, पण महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये हे बोलायची सोय नव्हती.

शाखेत आल्यावर मॅनेजरसाहेबांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, ‘‘टार्गेट डेअरीचं आहे, हे टेम्पोचं काय आणलंस?’’ मी म्हटलं, छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा कर्जयोजनेत ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत तारण लागत नाही, बाईंच्या नावावर एक रुपया थकलेला नाही, आणि व्यवसायाचा हिशोब त्यांनी आमच्या छापील अहवालापेक्षा चांगला मांडला आहे. मी त्या शेवटच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. साहेब तो बराच वेळ मोठा करून बघत होते. मग म्हणाले, ‘‘वरून क्वेरी येणार.’’

आली. पतीचं खातं अनुत्पादक, म्हणजे हप्ते थकलेलं, असताना पत्नीला वाहनकर्ज का, आणि वाहन प्रत्यक्षात कोण चालवणार? दुसऱ्या प्रश्नाला मी सरळ लिहिलं, पती चालवणार, कारण त्याला घाटातल्या अवजड वाहतुकीचा अनुभव आहे. पहिल्यावर बरीच पत्रापत्री झाली. मंजुरी आली तेव्हा नाताळ उलटून गेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात दहा गायींचे काही गोठे ओस पडले. गोचीडतापाने गायी गेल्या, काही विकणाऱ्या दलालानेच पडत्या भावात परत नेल्या. सगळेच फसले असं नाही. ज्यांच्याकडे कुळागराचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचं, पाणी होतं त्यांचं बरं चाललं. या घरातल्या गायी दोनच्या तीन झाल्या, चार होऊ दिल्या नाहीत. टेम्पोतून आधी पेंढा, मग मक्याचा मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, येऊ लागला. भाव पूर्वीच्या व्यापाऱ्यापेक्षा थोडा कमी ठेवला होता, फार कमी नाही. उधारी मात्र बाईच ठरवायच्या. ठोकळ्यांवरचा टिपर शेवटी भंगारात गेला आणि ते खातं तडजोडीने मिटलं.

माझी बदली झाली. २०२४ साली लिलावानंतर डिचोलीतली खाण नव्याने चालू झाली, तेव्हा त्या टिपरवाल्याचा फोन आला. टिपरला आता किती कर्ज मिळेल, व्याज काय, सेकंडहँडला चालतं का?

मी विचारलं, ‘‘वहिनी काय म्हणतात?’’

‘‘तिला अजून सांगितलेलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आधी तुम्ही आकडा सांगा.’’